सुक्याबरोबर ओले

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी मी झालो तो केवळ गैरहजर राहिल्यामुळे. त्या दिवशी मी पुतणीच्या साखरपुड्याला नाशकात होतो. सभेला हजर असलेल्या प्रत्येकाला काही ना काही अडचण होती. कुणाला रक्तदाब होता, कुणाची बदली व्हायची होती, कुणाच्या सुनेचे बाळंतपण जवळ आले होते. मला अडचण आहे हे सांगायला मीच तिथे नव्हतो. साहजिकच माझी निवड एकमताने झाली. आमच्या सोसायटीच्या इतिहासात एकमताने झालेला हा पहिला ठराव. याआधी पाण्याची टाकी धुवावी की नाही यावरसुद्धा मतदान झालेले आहे आणि टाकी एका मताने हरलेली आहे.

सेक्रेटरीने वर्षभर शिव्या खायच्या असतात, ते मला जमण्यासारखे होते. माझे लग्न होऊन बरीच वर्षे झाली आहेत. पण ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची, तिच्या आधी पुरते चौदा दिवस सभासदांच्या हाती अहवाल द्यायचा, आणि त्या अहवालात मजकूर माझा, आकडे खजिनदाराचे आणि चुका दोघांच्या असायच्या, हे कळल्यावरही मी घाबरलो नाही. १९७८ साली मी फोर्टातल्या एका कचेरीत चिकटलो आणि पुढली पस्तीस वर्षे अहवाल चिकटवण्यातच घालवली. ‘चिकटवण्यात’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. आमच्या टेबलावर एक कात्री, एक डिंकाची बाटली आणि त्या बाटलीत कायमचा रुतून बसलेला एक ब्रश असे. गेल्या वर्षीच्या अहवालातला परिच्छेद कात्रीने कापायचा, यंदाच्या कागदावर डिंकाने डकवायचा, साल बदलायचे आणि टायपिस्टबाईंकडे पाठवायचे. हिशेबाचे तक्ते मात्र हिशेब खात्याकडून यायचे. ते आम्ही डकवत नसू. ‘सोबत जोडपत्र अ पाहावे’ असे लिहून टाचणी लावत असू. त्यांचा कागद त्यांचा, आमचा कागद आमचा आणि दोघांच्यामध्ये एक टाचणी. उद्या भांडण झाले तर टाचणी काढली की झाले.

कॉम्प्युटरात हेच करायचे असते, फक्त डिंकाने हात बरबटत नाहीत, असे चिरंजीवांनी मला सांगितले. ते खरेही आहे. ‘कट’ आणि ‘पेस्ट’ हे शब्द त्या कात्री-डिंकावरूनच आले. १९७० च्या दशकाच्या मध्यावर लॅरी टेस्लर आणि टिम मॉट या दोन गृहस्थांनी कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात बसून ते पडद्यावर आणले. म्हणजे मी फोर्टात डिंक चाटत होतो तेव्हा तिकडे डिंकाची सद्दी संपलेली होती. हे आमच्या हेडक्लार्कना कुणी कळवले नव्हते. झेरॉक्स म्हणजे स्टेशनाबाहेर पन्नास पैशात मिळते ती वस्तू, एवढेच आम्हांला पुष्कळ वर्षे ठाऊक होते.

आमचे खजिनदार म्हणजे अण्णा. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. अण्णांचा हिशेब म्हणजे देवघर. पारोसा माणूस शिवेल म्हणून ते तो कुणाला दाखवायलासुद्धा कांकूं करीत. निवृत्त झाल्यावर ते एक्सेल शिकले, आणि असे शिकले की सोसायटीच्या चोवीस बिऱ्हाडांचा मेंटेनन्स, सिंकिंग फंड, पार्किंग, उशिराचे व्याज आणि जिन्यातल्या दिव्यांचे वॅट सगळे एका फायलीत. फाइल एका पेन ड्राइव्हमध्ये, आणि पेन ड्राइव्ह जानव्याला बांधलेला नव्हता एवढेच.

पहिल्या वर्षी मी त्यांचा तक्ता घेऊन माझ्या वर्डमध्ये डकवला. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हे यांची पंगत बसली.

“अण्णा, हे काय?”

“अरे, ‘एकूण येणे बाकी’. दिसत नाही का?”

दिसत नव्हते. अण्णांनी सगळी फाइल एका जुन्या फॉण्टात लिहिलेली होती. हे जुने मराठी फॉण्ट म्हणजे बहुरूपी होते. आत बसलेले अक्षर इंग्रजीच असायचे, त्याला वरून मराठीचा अंगरखा घातलेला असायचा. तो फॉण्ट ज्याच्या घरी, त्याच्या घरी मराठी. शेजारी गेले की अंगरखा गळून पडायचा. वास्तविक युनिकोडने देवनागरीला स्वतःच्या हक्काच्या जागा १९९१ सालीच दिल्या होत्या आणि विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ फॉण्ट घरोघर आला होता. पण ही मंगलवार्ता अण्णांपर्यंत पोचली नव्हती. मी त्यांच्या मागे लागलो. “अण्णा, युनिकोड करा. सगळ्यांना वाचता आलं पाहिजे.” रोज सकाळी फिरायला जाताना मी हेच सांगत असे. शेवटी त्या माणसाने आठ रात्री जागून सबंध फाइल नव्याने टाइप केली. सबंध, बरं का. एक पानही सोडले नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मी ठेवले असते तर पुढचे घडले नसते.

तोवर आमची उसनवारी दोन्ही बाजूंनी सुरू झाली होती. मी वर्डमधून सभासदांची यादी अण्णांना दिली. त्यांनी ती एक्सेलमध्ये डकवली. आमची इमारत चार मजली, मजल्यावर सहा फ्लॅट; म्हणून नंबर १-१ पासून ४-६ पर्यंत. एक्सेलने मधली आडवी रेघ पाहिली आणि सगळ्या सभासदांच्या तारखा करून टाकल्या. वकील ३ जानेवारीला राहू लागले, अध्यक्ष १ एप्रिलला. अध्यक्षांच्या बाबतीत एक्सेलची चूक झाली असे म्हणायला कुणी तयार नव्हते. पण यात आम्हीच तेवढे बावळट नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या काही जनुकांना एक्सेल मार्च आणि सप्टेंबर समजत असे. शेवटी २०२० साली, जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली. एक्सेलला समजावण्यापेक्षा निसर्गाला समजावणे सोपे पडले असावे.

माझे स्वतःचे दुःख निराळे होते. कॉपी केलेली वस्तू जाते कुठे ते दिसत नाही. डिंकाच्या जमान्यात कापलेला कागद निदान टेबलावर फडफडत तरी असे. इथे सगळे श्रद्धेवर. साधा क्लिपबोर्ड एका वेळी एकच वस्तू धरतो, दुसरी घेतली की पहिली टाकतो, म्हणजे माझ्या स्मरणशक्तीसारखाच. त्यामुळे एकदा शोकप्रस्तावात ‘यांच्या निधनाने सोसायटीची’ यापुढे ‘अर्धा किलो शेंगदाणे, हिंग छोटी डबी’ असे डकवले गेले. हिची वाणसामानाची यादी मी मघाशी कॉपी केली होती. नंतर कळले की ऑफिसचा म्हणून एक वेगळा क्लिपबोर्ड असतो आणि त्यात चोवीस वस्तू राहतात. चोवीस बिऱ्हाडे, चोवीस वस्तू! हा योगायोग मी अण्णांना मोठ्या कौतुकाने सांगितला. ते म्हणाले, “पंचविसावी आली की पहिली जाते ना? मग आपल्याकडे तसं कधी होणार?”

तर २०२३ सालच्या अहवालाची गोष्ट. नुसते पेस्ट केले की अण्णांचा तक्ता माझ्या पानावरून उजवीकडे उतरून जायचा आणि ‘शिल्लक’ हा रकाना हवेत लोंबकळायचा. मेनू धुंडाळताना ‘पेस्ट स्पेशल’ असे एक सापडले. हॉटेलात स्पेशल म्हटले की चहात वेलची पडते. इथे काय पडेल या कुतूहलाने मी ते दाबले. आत बरेच पर्याय होते. त्यातला मी आधी ‘लिंक’ निवडला. तक्ता छान बसला. अण्णांचा पेन ड्राइव्ह त्यांना परत देऊन मी झोपलो. सकाळी फाइल उघडतो तो कॉम्प्युटरने विचारले की या कागदपत्राचे अन्यत्र संबंध असण्याची शक्यता आहे. ते ताजे करायचे का? नेमकी ही चहा घेऊन मागे उभी होती. मी ‘हो’ म्हणालो. कॉम्प्युटर म्हणाला, ते आता सापडत नाहीत. ही म्हणाली, “शोधा, शोधा. चहा ठेवलाय.”

लिंक म्हणजे काय ते मला तेव्हा उमगले. आपल्या पानावर दिसते ती नुसती सावली. धनी अण्णांच्या खिशात. धनी हलला की सावली नवे काही सांगेनाशी होते. परगावी असलेल्या मुलासारखे. फोटो आपल्या भिंतीवर असतो, पण ताजी खबर त्याच्याकडूनच यावी लागते, आणि पत्ता बदलला तर तीही यायची थांबते.

म्हणून मी दुसरा पर्याय घेतला. त्याचे नाव सर्वांत लांबलचक होते, आणि कचेरीतली सवय अशी की ज्या हुद्द्याचे नाव लांब तो मोठा. ‘मायक्रोसॉफ्ट एक्सेल वर्कशीट ऑब्जेक्ट’. दाबले. अहाहा! तक्ता जसाच्या तसा, रंगांसकट, रेघांसकट, पानाच्या मध्यावर. पेन ड्राइव्ह काढला तरी हलेना. मी खूश झालो. ही जी विद्या आहे तिचे नाव ‘ऑब्जेक्ट लिंकिंग अँड एम्बेडिंग’. मायक्रोसॉफ्टने ती १९९० साली काढली. आद्याक्षरे ओ. एल. ई. आणि जाणकार लोक त्याचा उच्चार ‘ओले’ असा करतात. मराठी माणसाला एवढी सूचना पुरेशी होती. सुक्याबरोबर ओले जळते, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते.

कारण एम्बेडिंगमध्ये तक्ता एकटा येत नाही. त्याच्याबरोबर त्याची सगळी फाइल पानाच्या पोटात जाऊन बसते. वर दिसतो एवढासा तुकडा. पण त्याच्यावर माऊसने दोनदा टिचकी मारली की एक्सेल उघडते आणि खाली सगळ्या पानांच्या चिठ्ठ्या दिसतात. जेवायला एकट्या जावयाला बोलवावे आणि मागून त्याचे वऱ्हाड यावे, तसे.

हे मला ठाऊक नव्हते. मी तो अहवाल सभासदांना ई-मेलने पाठवला. पीडीएफ केला असता तरी निभावले असते. पण लोकशाही मार्गाने दुरुस्त्या सुचवता याव्यात म्हणून मी वर्डचीच फाइल पाठवली. लोकशाही अंगाशी येते ती अशी.

दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनियर मुलगा हुशार. त्याला बेरीज तपासायची होती म्हणून त्याने टिचकी मारली. खाली तीन चिठ्ठ्या: ‘जमाखर्च’, ‘येणे बाकी’, आणि ‘शेरे’.

‘शेरे’ हे अण्णांचे खाजगी पान. रेल्वेतली सवय. प्रत्येक फ्लॅटपुढे दोन ओळी, स्वतःच्या आठवणीसाठी. जुन्या फॉण्टात असते तर ते कुणाच्या बापाला वाचता आले नसते. आता ते स्वच्छ युनिकोडमध्ये होते, माझ्या कृपेने. वकिलांपुढे लिहिले होते: ‘थकबाकी नाही. नसल्यामुळे बोलतात फार.’ अध्यक्षांपुढे: ‘सही कुठे करायची ते विचारतात. काय लिहिले आहे ते विचारत नाहीत.’ चौथ्या मजल्यावरच्या एका दांपत्यापुढे: ‘पैसे देतात, पण चहा देत नाहीत. ४-५ उलट. दोघांची सरासरी काढावी.’ आणि माझ्यापुढे: ‘सेक्रेटरी. मनुष्य चांगला. हिशेब कळत नाही. कळतो असे दाखवतो. दाखवू द्यावे.’

मोबाइलवर ज्यांनी अहवाल उघडला त्यांना आतले काही दिसेना. पण ज्यांना दिसले नाही ते, ज्यांना दिसले त्यांच्या घरी गेले. संध्याकाळपर्यंत इमारतीत टिचकी मारण्याचे सामुदायिक कार्यक्रम झाले. कित्येक वर्षे एकमेकांच्या घरी न गेलेली माणसे त्या दिवशी गेली. आणि मग बोलणे थांबले. कारण सगळ्यांनी आपापली ओळ शोधली, तशी १-५ ची पण वाचली.

१-५ मध्ये आमच्या बाई राहतात. निवृत्त शिक्षिका, इमारतीतल्या निम्म्या पोरांचे पाढे त्यांनी घेतलेले. त्यांचा मेंटेनन्स बंगलोरचा मुलगा परस्पर सोसायटीच्या खात्यात भरतो, असे त्या अभिमानाने सांगत. अण्णांनी लिहिले होते: ‘बाई. मुलाकडून ऑगस्टपासून येत नाही. बाईंना ठाऊक नाही. मी भरतो. पावती बाईंच्या नावे. कुणास कळू नये.’ ते ऑगस्ट आदल्या वर्षीचे होते. म्हणजे तेरा महिने.

रात्री नऊला अण्णा माझ्याकडे आले. चपला काढल्या, खुर्चीवर बसले. मला वाटले, आता आवाज चढेल. चढला असता तर बरे झाले असते.

“तुला मी एक तक्ता दिला होता रे,” ते म्हणाले. “तू माझं कपाट वाटलंस.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. कॉम्प्युटरमुळे झाले असे मी म्हणू शकलो असतो, पण कॉम्प्युटरने मला पर्याय विचारला होता.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “बाईंना ई-मेल आहे?”

“नाही. त्यांना मी छापील प्रत दिली. सकाळी स्वतः नेऊन.”

“छापील?”

“छापील.”

“नक्की?”

मी त्यांना शिल्लक असलेली एक प्रत आणून दिली. अण्णांनी ती उलटी करून पाहिली, उजेडात धरून पाहिली. मग तक्त्यावर बोटाने दोनदा टिचकी मारली. कागद होता, काही उघडले नाही. हिने त्यांच्यापुढे चहा ठेवला. तो त्यांनी घेतला आणि काही न बोलता गेले.

सभेच्या दिवशी मी राजीनामा खिशात घेऊन गेलो. इंजिनियर मुलगा प्रोजेक्टरवर सगळा अहवाल दाखवणार होता. प्रोजेक्टर बिघडला आहे असे त्याने आपण होऊन सांगितले. बाई नेहमीप्रमाणे पहिल्या ओळीत, हातात छापील प्रत, डोळ्यांना चष्मा. त्यांच्या मागे तेवीस बिऱ्हाडे. अण्णांनी आपल्यावर काय शेरा मारला हे प्रत्येकाच्या पोटात धुमसत होते. पण तोंड उघडायचे कसे? ‘मला चहाबद्दल का लिहिले’ असे कुणी म्हणाले असते, तर बाई वळून म्हणाल्या असत्या, ‘कुठे लिहिलंय? माझ्या प्रतीत नाही.’ आणि मग ते पान उघडावे लागले असते.

मी अहवाल वाचला. ‘येणे बाकी’वर आलो. दरवर्षी इथे वकील उठतात आणि थकबाकीदारांची नावे जाहीर वाचा अशी मागणी करतात; मग चाळीस मिनिटे जातात. वकील उठले. सभागृहात कुणी खोकलेसुद्धा नाही. वकिलांनी अण्णांकडे पाहिले, पहिल्या ओळीतल्या पांढऱ्या अंबाड्याकडे पाहिले.

“हिशेब,” वकील म्हणाले, “उत्तम ठेवलेला आहे. मंजूर करावा.” आणि बसले.

मंजूर झाला. एकमताने. अध्यक्षांनी सही करायच्या आधी कागद वाचायला मागितला, तेवढी दोन मिनिटे धरून सभा एकोणीस मिनिटांत संपली. माझा राजीनामा खिशातच राहिला. पुढच्या आठवड्यात वकील अण्णांच्या घरी एक पाकीट देऊन गेले. पाकिटावर काही लिहिलेले नव्हते. चौथ्या मजल्यावरचे ते दांपत्यही गेले, आणि जाताना अण्णांना चहाला येण्याचे निमंत्रण देऊन आले. अण्णांनी पाकीट परत केले आणि चहाला गेले.

सभा संपल्यावर बाई जिन्याशी थांबल्या होत्या. मला म्हणाल्या, “यंदा कुणी भांडलंच नाही रे. बरी आहेत ना सगळी?”

“बरी आहेत, बाई.”

“मग असू दे.” आणि छापील प्रत नीट घडी करून त्यांनी पिशवीत ठेवली. त्यांना काही कळले होते की नाही, ते मी आजपर्यंत विचारलेले नाही.

पेस्ट स्पेशलमध्ये ‘पिक्चर’ असाही एक पर्याय आहे, हे मी त्यानंतर शिकलो. तक्त्याचा नुसता फोटो येतो. आत काही नसते, बाहेर कशाशी संबंध नसतो. २०२४ च्या सप्टेंबरात मी हे अण्णांना समजावून सांगायला गेलो. पडद्यावर दोनदा टिचकी मारून दाखवली, काही उघडत नाही तेही दाखवले. अण्णांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग टेबलाचा खण उघडला, त्यातून एक छापील तक्ता काढला, माझ्या अहवालाच्या मागे ठेवला आणि दोन्हीला मिळून एक टाचणी लावली.

“लिही,” ते म्हणाले. “सोबत जोडपत्र अ.”

टाचणी थोडी गंजलेली होती. घरी येईपर्यंत ती मला दोनदा टोचली.